बारा गरम खूर

१

आठ ठाणं, आठ घोडे, बत्तीस खूर. त्यांतले बारा गरम.

शुक्रवारी सकाळी सव्वासहाला मी हे मोजलं. प्रत्येक खुरावर तळहात ठेवायचा, दहापर्यंत आकडे म्हणायचे, मग पुढचा. गरम खूर तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या ठाणातल्या घोड्यांचे होते, आणि तिघांचेही चारही पाय. बाकीच्या पाच घोड्यांचे सगळे खूर थंड होते. याशिवाय पागेत होतं ते असं : गवताचे सोळा गठ्ठे, ओटच्या दाण्याची एक लाकडी पेटी, तिचं झाकण चार बोटं उघडं, घडी घातलेली आठ रिकामी पोती, आणि ग्रोझदाच्या मानेला कपाळ टेकून उभे असलेले आमचे म्हातारे मोतद्दार बार्तोल बाच. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला बाच म्हणतात.

ग्रोझदा म्हणजे तिसऱ्या ठाणातली घोडी. बाचनी तिला शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं. तिनं सगळा भार मागच्या पायांवर टाकला होता आणि पुढचे पाय ताणून ती अशी उभी होती, जणू खाली निखारे आहेत.

"रात्रीपासून?" मी विचारलं.

"चारला खाली आलो तेव्हा अशीच होती, बाईसाहेब."

महिन्यापूर्वीपर्यंत ते मला विश्न्या पोरी म्हणायचे. बाईसाहेब का म्हणायला लागले ते मला माहीत होतं. त्यांनी माश्या दूर राहाव्यात म्हणून ग्रोझदाच्या गव्हाणीवर लसणाची माळ बांधली होती. रविवारच्या जेवणाला अकरा माणसं टेबलावर असताना मी माझ्या वहीतून वाचून दाखवलं : "लसूण, तीन आठवडे. परिणाम शून्य." सगळे पोट धरून हसले. बाचनी ताटातला कुलेन सॉसेजचा तुकडा न खाता ठेवला आणि उठून पागेत गेले. मी तेव्हा नुकतीच ओसियेकच्या विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन आले होते, आणि यागोदा मावशीच्या पागेत प्रत्येक गोष्ट मोजायची असं ठरवून बसले होते.

डॉक्टर नेवेन्का साडेसातला आल्या. त्यांनी घोट्यामागची नाडी पाहिली, पाय चाचपले.

"खुराच्या आतला पदर सुजलाय," त्या म्हणाल्या. "तो सुटला तर आतलं हाड फिरतं. मग संपलं. दाणा जास्त खाल्ला की होतं असं. फक्त, दाण्यानं बहुतेक पुढचे दोन धरतात. इथं चारही आहेत, आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजलेत." त्या उठून उभ्या राहिल्या. "अंथरूण बदललं होतं?"

"काल संध्याकाळी," मी म्हणाले. "लाकडाचा कीस मी स्वतः आणला. ओलावा नऊ टक्के. धूळ नाही, रंग-वॉर्निश नाही, टोकदार चिपा नाहीत."

त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. घोड्यांना जागेवरून हलवू नका, खाली मऊ आणि जाड राहू द्या, खुरांना बर्फाचं पाणी, असं सांगून त्या गेल्या.

मी वही काढली. पेटीत गुरुवारी सकाळी एकशेचार किलो ओट. सात घोड्यांना रोज दोन-दोन किलो, म्हणजे चौदा. आज नव्वद असायला हवे होते. मी पेटी काट्यावर चढवली. चौऱ्याऐंशी.

मावशी अंगणात उभी होती. वेंदेल सुतार, गवतवाला पावो, शेजारच्या दोन बायका, सगळे जमले होते. मी त्या सगळ्यांसमोर आकडे वाचले, आणि मग म्हणाले, "सहा किलो गेलेत. झाकण उघडं आहे. पेटी बंद करायचं काम बार्तोल बाचचं."

मावशीनं बाचकडे पाहिलं. त्यांनी खिशातून पागेची किल्ली काढली, बाहीला पुसली आणि पेटीच्या झाकणावर ठेवली.

२

बाच पागेवरच्या खोलीत एकोणचाळीस वर्षं राहत होते. सामान एका पेटीत मावलं. दुपारच्या बसनं ते बहिणीच्या गावी गेले. मी ग्रोझदाचे खूर बर्फात धरून बसले होते, त्यामुळे मला निरोप घ्यायला जाता आलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी खूर तेवढेच गरम होते. शनिवारी सकाळीही. दाणा तर काल सकाळपासून बंद होता. दोन घोड्यांचं जैसे थे होतं आणि ग्रोझदा आणखी बिघडली होती. मला ते आवडलं नाही. कारण काढून घेतलं की परिणाम निदान थांबायला हवा.

गवतात काही असेल म्हणून मी पावोकडे गेले. कुरणाच्या कापणीवरून त्याचं आणि मावशीचं वसंतापासून वाजलं होतं. तो गोठ्यापाशी चरबीचे तळलेले तुकडे पावाबरोबर खात बसला होता आणि मला बघून उठला नाही.

मी विचारलं तसं तो म्हणाला, "माझं गवत तुमच्या आठही घोड्यांनी खाल्लं. त्यात काही असतं तर आठही आडवे झाले असते. भागाकार येतो ना तुला? का तोही बार्तोलच्या गळ्यात घालणार?"

तो हसत होता. मी मात्र घरी येईपर्यंत भागाकारच करत होते. सहा किलो, तीन घोडे. प्रत्येकी दोन. एका दिवसाचा दुप्पट दाणा, बस. शिंगराचंसुद्धा पोट बिघडलं नसतं. शिवाय पाचव्या ठाणातला सोको अंगानं इतका सुटलेला होता की त्याला आम्ही दाणा देतच नव्हतो, आणि त्याच्या दाराला बाहेरून अडसर होता. तो पेटीपर्यंत जाणार कसा?

शाळेतल्या मुलालाही आला असता तो हिशोब. मी तो शुक्रवारी केला नव्हता, कारण मला सहा हा आकडा सापडला होता आणि त्याच्या शेजारी एक माणूस उभा होता.

त्याच क्षणी मावशीला सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. खरं कारण सापडलं की एकदमच सांगू, म्हणजे चूक एवढी दिसणार नाही, असा माझा विचार होता. तो लिहितानाही मला कानापर्यंत गरम वाटतं.

उन्हं उतरताना मी पागेत शिरले तर सहाव्या ठाणाच्या खिडकीशी वेंदेल होता.

"काय बघताय, वेंदेल बाच?"

"घोडा."

"घोड्याचं तोंड वर असतं. तुम्ही जमिनीकडे बघताय."

"मान दुखते माझी," तो म्हणाला आणि निघाला. चार पावलं गेल्यावर त्यानं मूठ कोटाच्या खिशात रिकामी केली. खिशाच्या काठावर कीस अडकलेला मला दिसला.

सुतार, ज्याच्या दुकानात कीस गुडघ्यापर्यंत साचतो, तो आमच्या घोड्याखालचा मूठभर चोरून नेत होता.

३

वेंदेलच्या मागे मी धावले नाही, कारण ग्रोझदा कण्हायला लागली. बाच तिच्या पायांना एक मलम लावायचे. ते शोधायला मी वर त्यांच्या खोलीत गेले. खोली झाडलेली होती, गादी गुंडाळलेली. मलमाची डबी त्यांनी समोरच ठेवली होती, वर कागद : "ग्रोझदा. वरून खाली." आणि खिडकीच्या फळीवर काळ्या कापडाच्या तीन पट्ट्या होत्या, इस्त्री केल्यासारख्या घडी घातलेल्या.

त्या पट्ट्या मी ओळखत होते.

गुरुवारी मिश्का बाचची मयत होती. सगळं गाव स्मशानात होतं. मी गेले नव्हते. मला काम होतं. कीस आणायला मी वेंदेलच्या दुकानात गेले, तो नव्हता, दार नेहमीसारखं उघडं. माझी कीस निवडायची एक यादी होती, ती मी पागेच्या दारावरही लावली होती : ओलावा, धूळ, रंग-वॉर्निश, टोकदार चिपा. समोरची पाच पोती चौदा टक्के निघाली. चालण्यासारखी होती. दाराआड तीन पोती होती, काळ्या पट्टीनं बांधलेली. नऊ टक्के. झटकली तर धूळच नाही. एवढा सुंदर कीस मी इथं आल्यापासून पाहिला नव्हता. ती तीन मी घेतलीच, आणि पागेतल्या फळ्यावर लिहिलं : आठ पोती, पसंत. खाली सही. डॉक्टरांना ओलावा सांगताना मी याच तीन पोत्यांचा आकडा सांगितला होता. तो जास्त चांगला होता.

आठ पोती, आठ ठाणं. प्रत्येक ठाणात जुन्या अंथरुणावर एकेक पोतं.

तीन पट्ट्या, तीन घोडे.

दोन दिवस मी गवत तपासलं, पाणी तपासलं, दाणा तपासला. कीस तपासला नाही. तो मी मोजलेला होता.

पण त्या पोत्यांत होतं काय? आणि बाचनी पट्ट्या एवढ्या जपून का ठेवल्या?

४

रविवारी सकाळी सायकलनं नऊ किलोमीटर गेले. बाच बहिणीच्या अंगणात अक्रोड फोडत बसले होते. त्यांनी मला बसायला ओंडका सरकवला. मी पट्ट्या पुढे केल्या.

"त्या तिथंच राहू द्यायच्या होत्या," ते म्हणाले.

"हे काय आहे, बाच?"

"शवपेटीचा कीस काळी चिंधी बांधून वेगळा ठेवतात. थोडा मयताच्या उशीत भरायचा, उरलेला कबरीत सोडायचा. दुसऱ्या कुणाच्या अंगाखाली घालत नाहीत. ती तीन पोती मिश्काची होती."

"तुम्ही ओळखलं होतं?"

"सोडतानाच."

"मग अंथरलीत का?"

त्यांनी एक अक्रोड फोडला आणि गर बहिणीच्या वाडग्यात टाकला. "फळ्यावर पसंत लिहिलं होतं. खाली सही."

"मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर रविवारी जेवताना तुम्ही वाचून दाखवलं असतं, बाईसाहेब."

अंगणात कोंबड्या टरफलं चिवडत होत्या, मी त्यांच्याकडे बघत बसले.

ओटचंही तेव्हाच कळलं. मयताची गाडी आमच्याच पागेतली जोडी ओढते, पहिल्या आणि दुसऱ्या ठाणातली. गाडी ओढणाऱ्या घोड्यांना त्या दिवशी स्मशानाच्या फाटकाशी तोबरा भरून ओट द्यायचे, ही रीत. तीन-तीन किलो. परत आल्यावर पेटीचं झाकण लावायचं राहिलं, तेवढी माझी चूक, असं बाच म्हणाले. म्हणजे जादा दाणा खाल्लेले दोन्ही घोडे ठणठणीत होते. मी पहिल्या दिवशी फक्त "गुरुवारी ओट कुणाला दिले?" एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. पण मी विचारलं नव्हतं, जाहीर केलं होतं.

"मिश्काच्या वाटचं आपण काढून घेतलं," बाच हळू आवाजात म्हणाले. "तो माणूस वाईट नव्हता. पण ग्रोझदाला बघितलं आणि मला वाटलं, मी बोललो असतो तर. म्हणून किल्ली ठेवली. दाण्यासाठी नाही ठेवली."

मी हसले नाही. मी विचारलं, "मिश्का बाचची शवपेटी कुठल्या लाकडाची होती?"

"त्याच्या स्वतःच्या फळ्यांची. तीस वर्षं माळ्यावर ठेवल्या होत्या. द्रावा नदीकाठच्या वनातला काळा अक्रोड, त्यानंच तोडलेला." त्यांनी हातातल्या अक्रोडाकडे पाहिलं. "हा नाही. हा आपला. तो वेगळा, ज्याचं टरफल हातोडीनंही फुटत नाही."

तीस वर्षं वाळलेल्या फळ्या. म्हणून नऊ टक्के.

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेत एक प्रश्न होता : काळ्या अक्रोडाचे इतर सजीवांवरील परिणाम. मी शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की त्याचा कीस अंथरुणात पाचांत एक असला तरी घोड्याचे खूर बारा तासांत सुजतात. त्या ओळीला वेगळे दोन गुण मिळाले होते. माझ्या दारावरच्या यादीत लाकडाची जात हा रकानाच नव्हता. वेंदेल दारं-खिडक्या करतो, तो पाइनच रंधतो, हे मी धरून चालले होते. गावातल्या म्हाताऱ्यांच्या माळ्यावर शवपेटीसाठी फळ्या असतात हेही मला लहानपणापासून माहीत होतं.

मी मावशीला फोन लावला. "तीन, पाच, सहा. सगळं अंथरूण बाहेर ओढ. आत्ता. काही विचारू नकोस."

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. अंथरूण गुरुवारी संध्याकाळी सहाला घातलं होतं. चौसष्ट तास वीस मिनिटं. त्यातले पहिले बारा तास कुणालाच माहीत नव्हतं. बाकीचे माझे.

५

चर्च सुटल्यावर मी सगळ्यांना अंगणात बोलावलं. शुक्रवारी जे उभे होते तेच असावेत असं मला वाटत होतं. शिवाय मिश्का बाचची बायको रोझा तेता, म्हणजे रोझा काकू, आणि डॉक्टर नेवेन्का. बाच बसनं आले होते. फाटकाच्या आत आले नाहीत, खांबाला टेकून उभे राहिले.

मी पांढरी चादर पसरली. तिसऱ्या ठाणातून ओढलेल्या अंथरुणातून न बघता किसाच्या शंभर साली उचलल्या होत्या आणि दोन ढीग केले होते. फिक्या अठ्ठ्याहत्तर. गडद बावीस.

"वेंदेल बाच, हे गडद काय आहे?"

वेंदेलनं टोपी काढली. त्याला ते कालपासूनच माहीत होतं. खिशातला मूठभर कीस त्यानं घरी दिव्याखाली पाहिला होता. स्मशानातून परतल्यावर दाराआडची पोती गेलेली दिसली, पण तो कुणाला बोलला नाही. कारण गुरुवारी सकाळी उशी भरताना त्यानं घाईत समोरचंच पोतं ओढलं होतं, आणि रोझा तेताला शपथेवर सांगितलं होतं की उशीत मिश्काच्याच फळ्यांचा कीस आहे. पोत्यांची चौकशी झाली असती तर तीन अख्खी पोती कशी उरली हेही निघालं असतं.

"म्हणजे त्याच्या डोक्याखाली काय आहे?" रोझा तेतानं विचारलं.

"पाइन. शाळेच्या दाराचा."

"दाराचा," ती म्हणाली. "जन्मभर दारातून वारा येतो म्हणून माझ्याशी भांडला." तिनं तोंडाला रुमाल लावला. ती हसत होती का ते मला सांगता येणार नाही.

मग मी बाकीचं एकेक सांगितलं. गवत आठही घोड्यांनी खाल्लं. ओट ज्यांनी खाल्ले ते बरे आहेत. चारही पाय धरले, पाय वरपर्यंत सुजले, दाणा बंद करूनही उतरलं नाही. गडद कीस तीनच ठाणांत, आजारी तीनच घोडे. पोती न विचारता मी आणली. पसंत मी लिहिलं. डॉक्टरांनी अंथरुणाचं विचारलं तेव्हा मी त्यांचं तोंड बंद केलं. दाण्याचा हिशोब चुकलाय हे मला शनिवारी दुपारी कळलं होतं, आणि मी गप्प बसले. आणि बार्तोल बाच काही बोलले नाहीत, कारण त्यांनी बोलू नये अशी व्यवस्था मी महिन्यापूर्वी अकरा माणसांसमोर करून ठेवली होती.

पावो टोमणा मारेल असं वाटलं होतं. तो बूट बघत होता.

मावशी फाटकापर्यंत गेली. तिनं किल्ली पुढे केली. "चुकलं आमचं, बार्तोल."

बाचनी किल्ली घेतली नाही. ते तिच्या बाजूनं आत आले, चादरीला वळसा घालून तिसऱ्या ठाणात गेले आणि तिथूनच म्हणाले, "बर्फ संपलाय, बाईसाहेब."

मी बर्फ आणायला गेले.

मंगळवारी सोको आणि सहाव्या ठाणातला घोडा दोघेही चालायला लागले. त्यांचे आठही खूर थंड होते. ग्रोझदाचे मागचे दोन थंड, पुढचे दोन नाहीत. दारावरची यादी मी काढली आणि नवी लावली. तिच्यात पहिला रकाना लाकडाच्या जातीचा आहे, दुसरा "कुणाला विचारलं" असा. बाचनी ती वाचली की नाही मला माहीत नाही.

बुधवारी डॉक्टर नेवेन्का क्ष-किरणांचं यंत्र घेऊन आल्या. हाड पाच अंशांपर्यंत फिरलेलं असेल तर नाल बदलून घोडी चालेल, दहाच्या वर असेल तर तिला पुन्हा कधी जुंपता येणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. बाचनी तिचं डोकं छातीशी धरलं. तिचा पाय मी लाकडी ठोकळ्यावर ठेवला आणि हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला. यंत्र वाजलं. डॉक्टरांनी पडद्यावर दोन रेषा ओढल्या, मधला कोन मोजला आणि मला वही काढायला सांगितली.

मी लिहिलं : ग्रोझदा, पुढचा डावा, अकरा अंश.